शत्रू दिसत नाही? आधी भिंत बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्यातली तिघांची टीम चार विरुद्ध चार असा शूटर गेम बनवते आहे, पीसी आणि फोन दोन्हींसाठी. पहिला मॅप पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीवर बेतलेला. मॅप देखणा झालाय, पण प्लेटेस्टला, म्हणजे कच्चा गेम खेळून बघायला आलेली पोरं सारखी एकच विचारत होती, "कोणें मारलो रे म्हाका?" म्हणून टीमने शत्रूभोवती लाल आउटलाइन घातली. मग ती जाड केली. मग लुकलुकती केली. तक्रार जागच्या जागी. आता त्यांचा प्रश्न: आउटलाइन आणखी वाढवायची, मॅपमधले बारकावे काढायचे, की फोंताइन्हासचा नादच सोडायचा?

तुमचा बिल्ड, म्हणजे गेमची आत्ताची कच्ची आवृत्ती, मी दोन संध्याकाळी खेळलो. एकदा पीसीवर, आणि एकदा घरातल्या चार वर्षं जुन्या फोनवर, बाल्कांवात बसून, कारण तुमचं अर्धं गिऱ्हाईक असंच कुठेतरी बसून खेळणार आहे. उत्तर आधी सांगून टाकतो: फोंताइन्हास ठेवा, आउटलाइन पहिल्यासारखी बारीक करा, आणि पुढचा महिनाभर फक्त भिंतींवर काम करा. शत्रूचं मॉडेल ठीक आहे. त्याच्या मागे जे चाललंय ते ठीक नाही.

"दिसत नाही" हे शब्द फसवे आहेत. तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग मी एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिलं. गोळी लागायच्या आधी शत्रू जवळपास प्रत्येक वेळी पडद्यावर होता. लपलेला नव्हता, अंधारात नव्हता, चांगला आउटलाइनसकट उभा होता. खेळाडूची नजर मात्र दुसरीकडे होती. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढ्याच भागात, दोनेक अंशांत, माणसाला खरोखर बारीक दिसतं. बाकीच्या पडद्यावर डोळ्याला कळतं ते ढोबळ: काहीतरी हललं, काहीतरी चमकलं, काहीतरी मोठं काळं आहे. शूटर खेळणाऱ्याचं हे नख बहुतेक वेळ निशाणाच्या खुणेला चिकटलेलं असतं. म्हणजे नवा शत्रू जवळजवळ नेहमी नखाबाहेर उगवतो, आणि नजर तिकडे वळायची तर त्याला आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने हाक मारावी लागते.

तुमच्या बेकरीच्या कोपऱ्यावर उभा राहून मी मोजलं. वाऱ्यावर पताका, दोरीवर कपडे, हलणारी बोगनवेल, बारची लुकलुकती पाटी, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलवर फडफडणारं प्लास्टिक, काचेऐवजी शिंपले लावलेल्या खिडकीवरची चमक. हे सहा जण हाका मारतायत, आणि सातवा तुमचा शत्रू. तुम्ही त्या सातव्याचा आवाज चढवत गेलात. बाकीच्या सहांना गप्प बसवणं स्वस्त पडलं असतं.

कपड्यांच्या दोरीशी माझं जुनं वैर आहे. काही वर्षांपूर्वी गोव्याबाहेरच्या एका स्टुडिओत बाजारपेठेचा मॅप माझ्याकडे होता. गल्लीगल्लीत मी दोऱ्या बांधल्या, त्यांवर वाऱ्याने झुलणारे सदरे. कलाविभागाने पाठ थोपटली. पहिल्या प्लेटेस्टला खेळाडूंनी शत्रूपेक्षा जास्त गोळ्या सदऱ्यांना घातल्या. सदऱ्याला खांदे असतात, रुंदी माणसाची असते, आणि मी तो टांगला होता बरोबर माणसाच्या उंचीला. मग मी शहाणपणा करून सदऱ्यांच्या जागी चादरी लावल्या. आता चादरीखालून शत्रूचे नुसते पाय दिसू लागले आणि वरचा माणूस कोण ते कळेना. शेवटी दोऱ्या दुसऱ्या मजल्यावर नेल्या आणि वारा बंद केला. दोन महिने गेले होते.

या विषयात मला अजूनही सर्वांत उपयोगी वाटतो तो वाल्व्ह कंपनीचा टीम फोर्ट्रेस २ हा शूटर. तो २००७ साली आला, आणि त्याच वर्षी जेसन मिचेल, मोबी फ्रँके आणि धबीह एंग या त्यावर काम करणाऱ्या तिघांनी त्याच्या चित्रशैलीवर एक निबंध सादर केला. समोरच्या माणसाबद्दल खेळाडूने काय आधी वाचावं याचा क्रमच त्यांनी ठरवला होता: आधी कोणत्या बाजूचा, मग कोणत्या प्रकारचा, मग हातात काय. बाजू सांगायची रंगाने. नऊ प्रकारच्या लढवय्यांतला हा कोणता, हे सांगायचं सिल्हूटने, म्हणजे माणूस अख्खा काळा रंगवला तरी त्याच्या बाह्याकारावरून ओळखू यावा. आणि हत्यार येतं छातीच्या उंचीला, जिथे कॉन्ट्रास्ट सर्वांत जास्त ठेवलाय. कपडे पायाकडे गडद आणि छातीकडे येता येता उजळ होत जातात, त्यामुळे नजर आपोआप हातांवर येऊन थांबते.

काळी आउटलाइन त्यांनी मुद्दाम टाळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकन व्यापारी चित्रकार जे. सी. लायेनडेकर आपल्या आकृत्यांच्या कडेला उजेडाची पट्टी ठेवायचा. तीच युक्ती त्यांनी उचलली. शिवाय पात्राची उन्हापलीकडची बाजू पूर्ण काळी पडू नये म्हणून प्रकाशाचं गणित अर्ध्याने गुणून त्यात अर्धा मिळवायचा, ही १९९८च्या हाफ-लाइफ या गेमपासूनची क्लृप्ती, तिला हाफ लॅम्बर्ट म्हणतात. शेडरमध्ये, म्हणजे उजेडाचा हिशेब करणाऱ्या कोडमध्ये, ही जेमतेम एका ओळीची भर आहे. तुमचा शत्रू सावलीत शिरला की कोळसा होतो, तो याने होणार नाही. हे आजच करा, फोनलाही परवडतं.

पण टीम फोर्ट्रेसबद्दल बोलताना लोक पात्रांवरच थांबतात आणि भिंती विसरतात. त्या गेमच्या मॅपमधली टेक्स्चर्स, म्हणजे भिंतींवर चढवलेली चित्रं, ब्रशच्या ढोबळ फटकाऱ्यांसारखी रंगवलेली आहेत. बारीक खडबड, डाग, ओरखडे हे सगळं कमी केलंय, कारण ते डोळ्याला आवाजासारखं लागतं. लाल बाजूची वस्ती उबदार रंगांची नि लाकडाची, निळ्या बाजूची थंड रंगांची नि कारखान्याच्या धाटणीची. नुसत्या भिंतीवरून आपण कुणाच्या हद्दीत आहोत ते कळतं, पण माणूस समोर आला की भिंत मागे सरते.

आपल्याकडच्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये. आईच्या माहेरी, पेडण्याकडे, मी लहानपणी दशावतारी काला बघायला जायचो. देवळासमोर मांडव, मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, संपलं. नेपथ्य म्हणून एवढंच. संकासूर आला की अंगभर काळा, डोळ्यांभोवती पांढरं, लाल जीभ बाहेर. शेवटच्या रांगेत, आजोबांच्या मांडीवर अर्धवट झोपेत असलेल्या मलाही तो कोण ते कळायचं. त्या पडद्यावर कुणी फोंताइन्हास रंगवलं असतं तर कळलं नसतं.

आता रंग. तुमच्या मॅपचा कुठलाही स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातला रंग काढून टाका. जे उरतं त्याला आमच्या धंद्यात व्हॅल्यू म्हणतात, नुसता उजळ-काळोखपणा. डोळ्याच्या कडेला रंग नीट कळत नाही, व्हॅल्यू कळते. आणि इथे एक गोम आहे जी नवख्यांना माहीत नसते: पडद्यावरचे तीन मूळ रंग सारखे उजळ नसतात. पांढऱ्याचा उजेड १०० धरला तर त्यात हिरव्याचा वाटा ७२च्या आसपास, लालचा २१, आणि निळ्याचा फक्त ७. म्हणजे तुमची शुद्ध निळी टीम सावलीत शिरली की निळी राहतच नाही, सावली होते. लाल टीम थोडी बरी, पण तिच्या मागे तुम्ही गेरूच्या लाल भिंती उभ्या केल्यात. मी तुमचे चार स्क्रीनशॉट करडे करून पाहिले. दोनांत शत्रू सापडायला मला, कुठे आहे ते माहीत असताना, एकेक सेकंद लागला. लाल भिंतीवरची लाल आउटलाइन कितीही जाड केली तरी करड्या चित्रात ती भिंतच आहे.

फोंताइन्हासचा खरा त्रास हा की तिथली घरं अगदी तुमच्या टीमच्या रंगांची आहेत. गडद निळं, पिवळं, गेरूचं तांबडं, आणि कोपऱ्यांना, खिडक्यांना पांढऱ्या पट्ट्या. पर्यटनाच्या पोस्टरवर डिसेंबरातल्या कडक उन्हात ती जशी दिसतात तशीच तुम्ही केलीत. मी म्हणेन, महिना बदला. पाऊस सरल्यावर, रंगारी यायच्या आधी ही घरं कशी दिसतात ते डोळ्यांसमोर आणा: निळ्याचं राखी-निळं झालेलं, पिवळं विटलेलं, तांबडं धुऊन फिकं पडलेलं. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, उतरवायला यापेक्षा इमानदार कारण मिळणार नाही, आणि फोंताइन्हास ते फोंताइन्हासच राहतं. आकाश ढगाळ ठेवा. डिसेंबरचं ऊन गल्लीचे दोन तुकडे करतं, एक झगझगीत आणि एक काळा, आणि दोन्हींवर वाचता येईल असा माणूस रंगवणं जवळजवळ अशक्य आहे. ढगाळ उजेडात भिंती मधल्या व्हॅल्यूत येतात. मग पात्रांचं वरचं अंग त्यापेक्षा उजळ ठेवा नि पाय गडद.

फक्त एक सांभाळा. पावसाळा म्हटला की तुमचा टेक्स्चर करणारा शेवाळ घालणार, चिऱ्यांच्या भिंतीवर काळे ओघळ घालणार, ओल्या रस्त्यावर प्रतिबिंबं घालणार. घालू दे, पण गुडघ्याखाली आणि छपराच्या कडेला. गुडघ्यापासून डोक्याच्या वीतभर वरपर्यंतची भिंत ही तुमची नाही, खेळाडूची आहे. तिथे काही लिहायचं नाही. आमच्याकडे हा पट्टा एडिटरमध्ये गुलाबी रंगाने दाखवायचो आणि त्यात कुणी पोस्टर चिकटवलं की त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. काम झालं.

पांढऱ्या पट्ट्या मात्र काढू नका. तुमच्यातल्या कुणीतरी त्या काढून बघितल्यात असं बिल्डच्या जुन्या फाइलवरून दिसतं. हेतू कळला, पण ती तुमची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. कारण असं: सरळ रेघ कुठे तुटली हे माणसाच्या डोळ्याला कमालीचं बारीक कळतं, साध्या तीक्ष्णतेच्या हिशेबाने कळायला नको इतकं. सुतार फळी डोळ्याला लावून बाक ओळखतो ते याच जोरावर. शूटरमध्ये शत्रू कुठून येतो? कोपऱ्यावरून. आणि फोंताइन्हासच्या घरांना पांढरी पट्टी कुठे असते? कोपऱ्यावर. ती पट्टी जमिनीपासून छपरापर्यंत सलग, स्वच्छ, विनाडाग ठेवली तर कोपऱ्यावरून डोकावणारा खांदा तिचा तुकडा पाडतो, आणि तो तुकडा डोळ्याला नखाबाहेरूनही टोचण्याची शक्यता वाढते. सध्या तुम्ही त्या पट्टीवर पोपडे उडवलेत, विजेची वायर नेलीय, एका ठिकाणी घराचा नंबर लावलाय. रेघ आधीच दहा ठिकाणी तुटलेली आहे. अकरावी तूट कोण बघणार? खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या मात्र थोड्या राखी करा. खिडकीची उभी चौकट माणसाएवढी असते आणि ती उगाच हाक मारते.

शिंपल्यांच्या खिडक्या सुंदर आहेत, पण त्यांची चमक कॅमेऱ्याबरोबर हलते, आणि हलणारी चमक म्हणजे दुर्बिणीच्या बंदुकीची काच असा प्रत्येक शूटर खेळाडूचा संस्कार आहे. चमक काढा, शिंपले ठेवा.

फोनचं गणित स्वतंत्र मांडतो, कारण तिथे तुमचा अंदाज सर्वांत जास्त चुकलाय. पडदा ७२० पिक्सेल उंच, कॅमेऱ्याचा उभा कोन ५० अंश. पन्नास मीटरवर त्या कोनात सुमारे ४७ मीटर उंचीचं जग मावतं. त्यात १.८ मीटरचा माणूस म्हणजे २८ पिक्सेल. डोकं चारेक पिक्सेल. साडेसहा इंची फोन आडवा धरला तर हा अख्खा माणूस पावणेतीन मिलिमीटर उंच भरतो, उकड्या तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. या आकारात तुमची बंदुकीवरची नक्षी, खांद्यावरचं चिन्ह, टोपीचा प्रकार, सगळं शून्य. तुमची जाड आउटलाइन तिथे उरते एक-दोन पिक्सेल, आणि ती माणसाचा बाह्याकार गिळून टाकते. राहतो एक लाल ठिपका, जो कुठे आहे ते सांगतो, कोण आहे ते सांगत नाही. म्हणून ती बारीक करा म्हटलं, आणि अंतराप्रमाणे पुसट होऊ द्या. त्याऐवजी मॅपच छोटा करा. तुमची देवळाकडून ओढ्यापर्यंतची सरळ गल्ली मी मोजली तर ७० मीटरच्या वर भरते. मध्ये एक वळण टाका. फोंताइन्हासमध्ये वळणांना तोटा नाही.

उन्हात धरलेल्या फोनवर गडद भागातले फरक सगळ्यांत आधी मरतात. म्हणून काळोखात लपवलेली जागा पीसीवाल्याला आव्हान वाटते, आणि कदंबाच्या सरकारी बसमध्ये खिडकीशी बसलेल्याला फसवणूक.

कोणी कुठल्या रंगाचा, हा निर्णय तुम्ही अजून घेतलेला नाही असं वाटतं, कारण बिल्डमध्ये दोन्ही पद्धती एकत्र आहेत. टीम फोर्ट्रेसमध्ये लाल तो सगळ्यांना लाल. मी लाल टीममध्ये असलो तर लाल माझे सोबती. २०१६चा ओव्हरवॉच आणि २०२०चा व्हॅलोरंट हे गेम उलटे चालतात: कुठल्याही बाजूने खेळा, शत्रूची कड मुळात लालच. चार विरुद्ध चार अशा झटपट गेमला दुसरी पद्धत बरी, कारण "लाल म्हणजे मार" हे एकदा शिकलं की शिकलं. तुमच्याकडे कपडे पहिल्या पद्धतीचे आणि आउटलाइन दुसऱ्या. लाल टीममधल्या खेळाडूला लाल कपड्यांचे सोबती दिसतात आणि लाल आउटलाइनचे शत्रू. माझ्या हातून सोबत्यावर किती गोळ्या गेल्या ते विचारू नका.

अडचण येते ती प्रेक्षकांची. स्पर्धा दाखवायची झाली तर बघणाऱ्याला "शत्रू" असं कुणीच नसतं, त्याला दोन पक्के रंग लागतात. ओव्हरवॉच लीग २०१८ला सुरू झाली तेव्हा त्यांनी संघांना घरचे आणि पाहुणे असे दोन पोशाख दिले. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघणाऱ्याला हे समजवावं लागणार नाही. फुटबॉलच्या चौथ्या नियमात लिहिलेलंच आहे की दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचापासून वेगळे हवेत, गोलकीपरचा तर सगळ्यांपासून वेगळा. त्यामागचं कारण देखणेपणाचं नाही. पास कुणाला द्यायचा ते अर्ध्या सेकंदात कळायला हवं.

शत्रूचा रंग खेळाडूला निवडू द्या. युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्यात गल्लत होणारे सुमारे ८ टक्के असतात. आपल्याकडचा आकडा कमी असला तरी शून्य नाही, आणि अशा माणसाला तुमच्या बोगनवेलीच्या पानांपुढचा लाल शत्रू चटकन दिसणार नाही. पूर्ण पडद्यावर फिल्टर टाकून भागवू नका, त्याने भिंतींचेही रंग फिरतात. व्हॅलोरंटमध्ये पिवळा आणि जांभळा असे पर्याय आहेत, आणि डोळे चांगले असणारेही ते वापरतात, कारण मॅपमध्ये जांभळं फारसं नसतं. तुमच्याकडे पिवळा चालणार नाही, अर्ध्या गल्लीच्या भिंती पिवळ्या आहेत. सुरुवातीचा रंग जांभळा ठेवा आणि लाल पर्यायात टाका. याला तुमचा विरोध होईल, होऊ दे.

धूर आणि आगीबद्दल थोडक्यात. धुराची डोळ्याला दिसणारी कड आणि गेम आपल्या गणितात धरतो ती कड एकच हवी. व्हॅलोरंटमधले धुराचे गोळे कडेला इतके कापल्यासारखे दिसतात ते यासाठीच. तुमचा धूर कडेला विरत जातो, त्यामुळे आतल्याला वाटतं आपण झाकलेले आहोत आणि बाहेरच्याला त्याचा कोपर दिसतो. दुसरं, स्वतःच्या बंदुकीच्या तोंडची आग अर्धी करा. तुमच्या मशीनगनने मी शत्रूला मारलं की नाही हे मला ती गोळीबार थांबवल्यावरच कळायचं.

सेटिंग्जचा मेनू उघडला तर ब्लूम (उजेडाभोवतीची झळाळी), मोशन ब्लर (हलताना येणारा धूसरपणा), फिल्मचा कण, सगळं चालू. खेळाडू हे बंद करणारच. १९९९च्या क्वेक ३ अरीनामध्ये मुरलेले खेळाडू टेक्स्चर इतकी खाली आणायचे की भिंती नुसत्या रंगाच्या चुन्यासारख्या सपाट व्हायच्या, आणि समोरच्या सगळ्यांना एकच भडक हिरवं मॉडेल लावायचे. हा प्रकार मला लबाडी वाटत नाही. कलाकारांनी जे काम केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पण एक पाहा: कमी सेटिंगवर दूरचं गवत रेखाटलंच जात नसेल, तर गवतात आडवा झालेला माणूस स्वतःला लपलेला समजतो आणि दुसऱ्याच्या स्वस्त फोनवर मोकळ्या मैदानात झोपलेला असतो. लपायची जागा गवताची नको, भिंतीची द्या. भिंत सगळ्यांना सारखी दिसते.

तुम्ही पोशाख विकणार आहात, हे मेलच्या शेवटी अगदी हळूच लिहिलंय. तिथेच घात होतो. टीम फोर्ट्रेसमध्ये २००९पासून टोप्या आल्या आणि वर्षागणिक ते नीटस सिल्हूट गोंधळाचं होत गेलं. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये २०१९च्या अखेरीस एजंट म्हणून नवे पोशाख आले. काही झाडीत मिसळतात अशी ओरड झाली, आणि पुढे खेळाडूंचा कॉन्ट्रास्ट वाढवायची सेटिंग द्यावी लागली. तुम्ही तिघेच आहात, तर आत्ताच एकाला नकाराचा अधिकार देऊन टाका. पोशाख आला की त्याने तो काळा करून बघायचा, मग करडा करून फिक्या निळ्या भिंतीसमोर २८ पिक्सेलचा बघायचा. ओळखू आला नाही तर परत. शिगम्याच्या रोमटातला, म्हणजे मिरवणुकीतला पोशाख तुम्ही बनवलाय तो मला फार आवडला, पण त्यातला तुरा काढा. तुऱ्यामुळे तुमचा हलका धावपटू लांबून जड तोफवाल्यासारखा दिसतो.

गेम मराठी आणि कोंकणीतही देताय, बरं झालं. पण पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच्याच आकारात ठेवलाय. वर रफार-वेलांटी, खाली उकार, मध्ये शिरोरेषा, एवढं सगळं त्या उंचीत कोंबलं की "गोळ्या" आणि "गाळ्या" फोनवर सारखेच दिसतात. अक्षर निदान दीडपट करा, आणि अक्षरांची काळी कड काढा. ती शिरोरेषा खाते.

मोजायचं कसं, हे विचारलं नव्हतं, तरी सांगतो. खेळाडूला "दिसलं का" असं विचारू नका, तो हो म्हणतो. तो मेला की पडदा लगेच काळा करा आणि तीन प्रश्न विचारा: कुठून आला, कोण होता, कशाने मारलं. उत्तरं कागदावर. कुठून हे चुकत असेल तर भिंतीचा दोष. कोण हे चुकत असेल तर सिल्हूटचा. कशाने हे चुकत असेल तर हत्यार आणि आवाज बघा, आणि शत्रूच्या पावलांचा आवाज सोबत्यांपेक्षा मोठा आहे ना, तेही. वीसेक मरणांत चित्र स्पष्ट होतं. घरच्या घरी करायचं असेल तर पन्नास स्क्रीनशॉट घ्या, एकेक अर्धा सेकंद दाखवा आणि शत्रू कुठे होता तिथे बोट ठेवायला सांगा. माझ्या बायकोने तुमच्या पन्नासपैकी एकोणीसांत बोट बरोबर ठेवलं. ती गेम खेळत नाही, म्हणूनच तिला विचारलं. भिंती उतरवल्यावर तेच पन्नास पुन्हा पाठवा.

शेवटी छपरांबद्दल. जुन्या गोंयकार घरांवर असतात तसे तुम्ही मातीचे कोंबडे बसवलेत, आणि दोन घरांवर बंदूकवाला शिपाई. शिपायाची कल्पना मस्त आहे आणि शूटर गेममध्ये तो ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. पहिल्या संध्याकाळी मी त्याला तीनदा गोळी घातली, दुसऱ्या संध्याकाळी माहीत असूनही एकदा. तो काढा. ओढ्याकडच्या घरावरचा कोंबडा मात्र राहू द्या. रेकॉर्डिंगमध्ये तुमची पोरं आत्ताच एकमेकांना ओरडून सांगतायत, "कोंब्या लागीं आसा, कोंब्या लागीं!" म्हणजे कोंबड्याजवळ आहे, आणि सोबती बरोबर तिकडेच वळतायत.